डॉक्टरांशी बोलताना : कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगडपासून सावंतवाडीपर्यंतचे रुग्ण, त्यांची मुंबईतली मुलं, आशाताई आणि काही डॉक्टर सतत जे प्रश्न पाठवतात ते इथे एकत्र केले आहेत. कोणता आजार झाला यापेक्षा त्याबद्दल बोलायचं कसं, यावरचे प्रश्न जास्त आहेत. औषधाचा डोस इथे कुणालाही ठरवून दिलेला नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. दवाखान्यात जाताना बरोबर काय न्यावं?

घरात चालू असलेली सगळी औषधं एका पिशवीत घालून न्या. "ती पांढरी छोटी गोळी" एवढ्यावरून कुठल्याच डॉक्टरला औषध ओळखता येत नाही. दुकानातून पाच-पाच गोळ्या घेणाऱ्यांच्या पिशवीत बऱ्याचदा कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे असतात. औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख नेमकी दुसऱ्या तुकड्यावर राहिलेली असते. म्हणून दुकानदाराला नाव असलेला तुकडा मागा, किंवा पूर्ण पट्टीचा फोटो काढून ठेवा.

नाव दिसलं की एक धोकाही टळतो. क्रोसिन आणि डोलो ही नावं वेगळी असली तरी औषध एकच आहे, पॅरासिटामॉल. दोन दवाखान्यांतून दोन नावांनी मिळालं तर माणूस नकळत दुप्पट डोस घेतो.

जुने केसपेपर तारखेप्रमाणे लावून न्या आणि एखाद्या औषधाने पूर्वी अंगावर पुरळ उठलं असेल तर ते त्यावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

२. आत गेलं की सगळं विसरायला होतं. सुरुवात कशी करायची?

वेळ खरोखरच कमी असतो. २०१७ मध्ये ६७ देशांतल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. एका रुग्णाला स्वीडनमध्ये सरासरी साडेबावीस मिनिटं मिळत होती, बांगलादेशात ४८ सेकंद आणि भारतात साधारण दोन मिनिटं. त्या दोन मिनिटांत आपण आधी पाहुणे, लग्न, प्रवास, जागरण सांगतो आणि छातीतल्या कळेवर येतो तेव्हा पुढचा रुग्ण दारात उभा असतो.

मुख्य त्रास पहिल्याच वाक्यात सांगा, त्याला जोडून तो कधीपासून आहे ते. मग तो कशाने वाढतो, कशाने थांबतो. "छातीत कसासाच वाटता" हे मालवणीतच सांगा, त्यात काही कमी नाही, पण पुढे एवढं जोडा: "घाटी चढताना वाटता, बसलंय की पाच मिनिटांत जाता." चढताना येणारी आणि बसल्यावर जाणारी कळ ऐकली की डॉक्टर हृदयाचा विचार करतात. नुसतं "जळजळता" म्हटलं तर पित्ताची गोळी मिळण्याचा संभव जास्त.

दोन-तीन मुद्दे कागदावर लिहून नेले तरी चालतात, आणि त्यात सर्वांत अवघड प्रश्न वर लिहावा. लाज वाटणारी गोष्ट आपण शेवटी ठेवतो आणि दाराशी पोचल्यावर "आणि डॉक्टर, एक राहिलंच" म्हणून सांगतो. तेव्हा तपासायला वेळ उरलेला नसतो.

३. डॉक्टर काय म्हणाले ते नीट कळलं नाही. परत विचारलं तर चिडतील का?

काही चिडतात. तरीही विचारा, कारण गोळी चुकली तर भोगायचं तुम्हाला आहे. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के माहिती रुग्ण लगेच विसरतात, असं संशोधक सांगतात, आणि जे लक्षात राहतं त्यातलंही बरंचसं चुकीचं असतं. विसरणं हा अडाणीपणा नाही. घाबरलेल्या माणसाचं असंच होतं, मग तो मास्तर असो की खलाशी.

यावर चांगला उपाय म्हणजे ऐकलेलं आपल्या शब्दांत परत सांगणं. "डॉक्टरांनू, माका समाजला ता सांगतंय, चुकला तर सांगा." मग सांगायचं: ही गोळी सकाळी जेवल्यावर, ही रात्री, ताप तीन दिवसांत गेला नाही तर परत यायचं. यात अर्धं मिनिट जातं आणि गैरसमज तिथल्या तिथे पकडला जातो. "कळलं ना?" या प्रश्नाला आपण सगळे मान डोलावतो, म्हणून त्या होकाराला फारसा अर्थ नसतो.

डॉक्टर घाईत असतील तर हेच सिस्टरला किंवा औषध देणाऱ्या फार्मासिस्टला सांगून तपासून घ्या.

४. चिठ्ठीवरच्या ओडी, बीडी, टीडीएसचा अर्थ काय?

ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, आणि एसओएस म्हणजे गरज पडली तरच. १-०-१ असं लिहिलं असेल तर सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. एसीचा अर्थ जेवणाआधी आणि पीसीचा जेवणानंतर.

अक्षर लागत नसेल तर अंदाज करू नका. डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहावं, असा नियम २०१६ मध्येच झाला आहे. घरात वाचणारं कुणी नसेल तर फार्मासिस्टला पट्टीवर सूर्य आणि चंद्र काढून द्यायला सांगा, तेवढं पुरतं.

५. रिपोर्टमध्ये काही आकडे ठळक आलेत. घाबरायचं का?

लगेच नाही. लॅबने ठरवलेल्या मर्यादेच्या थोडा बाहेर गेलेला आकडाही ठळक छापला जातो. त्याचा अर्थ तुमचं वय, आजार आणि आधीचा रिपोर्ट पाहूनच लागतो. "निगेटिव्ह" शब्दालाही घाबरणारे आहेत. तपासणीत जे शोधत होते ते सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. डॉक्टरांना विचारा: "यातला कुठला आकडा महत्त्वाचा, आणि त्यासाठी मी काय करू?"

एचबीए१सी मात्र लक्षात ठेवण्याजोगी तपासणी आहे. ती मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देते, त्यामुळे आदल्या दिवशी भात सोडून ती सुधारत नाही.

६. "पथ्य पाळा", "मीठ कमी करा" एवढंच सांगतात. म्हणजे नेमकं काय करायचं?

हा प्रश्न डॉक्टरांनाच परत विचारायला हवा, आणि विचारताना आपल्या ताटात काय असतं ते सांगायला हवं. "मीठ कमी" ऐकून घरोघरी ताटाच्या कडेचं मीठ बंद होतं आणि सुके बोंबील, खारवलेला बांगडा, लोणचं, पापड, खारातल्या कैऱ्या तशाच चालू राहतात. पावसाळ्यात ताजी मासळी नसते तेव्हा तर हेच जास्त पोटात जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, साधारण चहाचा एक चमचा, आणि त्यात सुक्या मासळीतलं मीठही धरायचं.

मधुमेह असेल तर "भात बंद" ऐकून गप्प बसू नका. पेज आणि भात सोडून कोकणातला माणूस टिकत नाही आणि न टिकणारं पथ्य चार दिवसांत मोडतं. "भात किती घेऊ, सोबत काय वाढवू?" असं विचारा. "एक वाटी भात, आमटी, भाजी, मासा" असं मोजमाप मिळालं की ते पाळता येतं.

७. बरं वाटतंय, मग बीपीची गोळी बंद केली तर?

बरं वाटतंय ते गोळीमुळे. वाढलेला रक्तदाब बहुतेक वेळा जाणवतच नाही, त्यामुळे "त्रास नाही" ही कसोटी इथे उपयोगाची नाही. काही गोळ्या एकदम सोडल्या तर दाब उसळी मारतो. पायावर सूज, खोकला, चक्कर असं काही होत असेल तर तेच डॉक्टरांना सांगा. गोळी बदलून मिळते. खर्च परवडत नसेल तर तेही सांगा (प्रश्न १६ पहा). गुपचूप बंद केलेल्या गोळीचा त्रास असा की "या गोळीने बीपी उतरत नाही" असं समजून डॉक्टर दुसरी वाढवतात.

८. मी ट्रॉलरवर जातो, पाच-सहा दिवस समुद्रात असतो. गोळ्या आणि इन्सुलिनचं काय?

हर्णै, देवगड, मालवणकडून हा प्रश्न येतो आणि तो दवाखान्यात फार कमी विचारला जातो, कारण डॉक्टरांनी "धंदा काय" विचारलेलं नसतं आणि रुग्णाने सांगितलेलं नसतं. पहिल्याच भेटीत सांगा: मी खलाशी आहे, रात्री जाळं ओढतो, दिवसा झोपतो, जेवणाची वेळ ठरलेली नाही. "सकाळी एक, रात्री एक" हे तुमच्या दिवसाला लागू पडत नाही. किती तासांच्या अंतराने घ्यायची आणि जेवण चुकलं तर कोणती गोळी टाळायची, ते कागदावर लिहून घ्या.

इन्सुलिनबाबत एक मोठी चूक होते. थंड ठेवायचं म्हणून बाटली मासळीच्या बर्फात पुरली जाते. गोठलेलं इन्सुलिन निकामी होतं आणि वितळल्यावर दिसायला जवळपास तसंच दिसतं, पण ते वापरायचं नाही. न उघडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवतात. वापरात असलेली साधारण चार आठवडे फ्रीजबाहेर चालते, तापमान तिशीच्या वर जात नसेल तर. नेमकी मुदत पाकिटावर पहा. बर्फ वापरायचाच तर बाटली डब्यात, डबा जाड फडक्यात, आणि बर्फाशी थेट संबंध नको.

साखर एकदम उतरली तर घाम सुटतो, हात थरथरतात, माणूस भलतंच बोलू लागतो. होडीवर याला दारू प्यायल्याचं समजतात. तांडेलाला (होडीच्या प्रमुखाला) आणि एका सोबत्याला हे आधीच सांगून ठेवा. शुद्धीत असेल तर लगेच साखरपाणी द्यायचं, बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालायचं नाही आणि होडी किनाऱ्याकडे वळवायची.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. वर्षाची तपासणी, डोळे, पाय, रक्त, हे सगळं त्या दिवसांत करून घ्या.

९. पावसात ताप आला तर डॉक्टरांना वेगळं काही सांगायचं असतं का?

हो, आणि त्यावर जीव अवलंबून असू शकतो. चिखलात लावणी केली का, गुडघाभर पाण्यात उभे होता का, पायाला जखम किंवा चिखल्या आहेत का, हे न विचारता सांगा. उंदरांच्या लघवीने दूषित झालेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो आणि कापलेल्या त्वचेतून तो शिरतो. ताप, पोटऱ्यांमध्ये दुखणं, लालसर डोळे ही लक्षणं "साध्या तापा"त सहज लपतात. लघवी कमी होणं, डोळे पिवळे दिसणं किंवा धाप लागणं सुरू झालं तर थांबायला वेळ नसतो. लवकर सुरू केलेल्या साध्या अँटिबायोटिकने जो माणूस घरी राहून बरा झाला असता, तोच उशीर झाल्यावर डायलिसिसपर्यंत जातो.

लेप्टो होऊ नये म्हणून जोखमीच्या गावांत आरोग्य विभाग डॉक्सीसायक्लिनच्या गोळ्या देतो. त्या वाटणाऱ्या ताईंना तुम्ही गरोदर असाल तर आधी सांगा.

दोडामार्ग-बांद्याकडच्या लोकांनी पावसाळ्याआधीच्या तापात जंगलाबद्दल सांगावं. काजूच्या बागेत काम, अंगावर गोचीड, जवळपास मेलेलं माकड, हे ऐकलं की डॉक्टर माकडतापाचा विचार करतात. २०१६ मध्ये तिथे त्याची साथ आली होती.

१०. साप किंवा विंचू चावला. दवाखान्यात गेल्यावर काय सांगायचं?

१०८ ला फोन करा आणि चावलेला हातपाय न हलवता निघा. चावल्याची वेळ, त्यानंतर काय काय झालं आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, एवढं सांगा. साप मारून आणू नका. लांबून फोटो निघाला तर ठीक. आवळून दोरी बांधणं, चिरा देणं, तोंडाने ओढणं, सगळं टाळा. आपल्याकडच्या फुरशाच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, म्हणून काचेच्या नळीत रक्त घेऊन ते २० मिनिटांत गोठतं का ते पाहतात. "काही होत नाही, घरी जातो" म्हणू नका.

लाल विंचू चावल्यावर दरदरून घाम येतोय का आणि हातपाय गार पडलेत का, ते आवर्जून सांगा. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी अशा रुग्णांची बारकाईने निरीक्षणं करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिला, आणि ते द्यायचं की नाही हे याच लक्षणांवरून ठरतं.

११. देवाला कौल लावला, गावठी औषधही घेतलं. हे सांगितलं तर डॉक्टर ओरडतील ना?

कौल ही तुमच्या श्रद्धेची गोष्ट आहे, त्याने औषधात फरक पडत नाही, उशीर झाला नाही म्हणजे झालं. पोटात गेलेलं मात्र सगळं सांगा. साखर उतरवणारा काढा आणि मधुमेहाची गोळी एकत्र घेतली तर साखर धोक्याइतकी खाली जाऊ शकते. सांधेदुखीच्या काही बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. ते महिनोन् महिने घेऊन अचानक थांबवणंही धोक्याचं आहे. म्हणून पुडी बरोबर न्या.

डॉक्टर मंडळींना विनंती आहे की इथे रागावू नका. एकदा ओरडा बसला की तो रुग्ण पुढच्या वेळी पुडी घरी ठेवून येतो.

१२. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) पुरुष डॉक्टरच आहेत. बायकांच्या तक्रारी कशा सांगायच्या?

पुरुष डॉक्टर तपासत असताना दुसरी स्त्री हजर असणं हा तुमचा हक्क आहे, सिस्टरना थांबायला सांगा. बोलायला जड जात असेल तर आशाताई किंवा उपकेंद्रातल्या एएनएम (परिचारिका) ताईंना आधी सांगा, त्या डॉक्टरांना कल्पना देतील. पाळी बंद झाल्यावर पुन्हा रक्त जाणं, स्तनात गाठ लागणं, या गोष्टी लाजेपोटी एक दिवसही मागे ठेवू नका. सासू किंवा नवरा बाहेर थांबावा असं वाटत असेल तर तसं म्हणा.

१३. मी मुंबईत असतो, आईवडील गावी. फोनवर डॉक्टरांशी बोललो तर चालेल का?

आईवडिलांची हरकत नसेल तर चालेल. त्यांना डॉक्टरांसमोर तसं एकदा म्हणू द्या. मग फोन स्पीकरवर ठेवा आणि आधी त्यांना बोलू द्या. चाकरमानी मुलगा फोनवर आला की डॉक्टर त्याच्याशीच बोलू लागतात आणि समोर बसलेला माणूस बाजूला पडतो, हे फार होतं. गणपतीला किंवा शिमग्याला येणार असाल तर एक दिवस त्यांच्या तपासणीसाठी ठेवा.

२०२० पासून फोन किंवा व्हिडिओवरून सल्ला देण्याचे अधिकृत नियम आहेत. तशा चिठ्ठीवरही डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक हवा. सरकारी ई-संजीवनीवर असा सल्ला मोफत मिळतो. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस, क्रमांक १४४१६. रात्री अकराला डॉक्टरांच्या वॉट्सॲपवर रिपोर्ट टाकून उत्तराची वाट पाहत बसू नका. तब्येत बिघडत असेल तर दवाखाना गाठा.

१४. आईला कॅन्सर निघालाय. तिला सांगू नका, असं डॉक्टरांना सांगितलं तर?

यामागे प्रेम असतं हे कुणीही समजू शकतं. तरीही माझं मत स्पष्ट आहे: आजार तिचा, शरीर तिचं, आणि माहितीवर पहिला हक्क तिचा. रुग्णहक्कांच्या सनदेतही हेच आहे. शिवाय लपत काही नाही. बांबोळीला (गोव्यातल्या सरकारी इस्पितळात) किंवा मुंबईला वारंवार नेलं जातं, केस गळतात, घरातले कुजबुजतात. तिला कळतं आणि आपल्याशी कुणी बोलत नाही हेही कळतं. मग तीही गप्प राहते, आणि दुखतंय हे सांगायचंसुद्धा टाळते.

तिला किती जाणून घ्यायचं आहे ते तिलाच विचारायला हवं. "आई, डॉक्टर तुझ्या आजाराबद्दल सांगणार आहेत. तुला सगळं ऐकायचंय, की आम्ही ऐकू आणि तुला लागेल तेवढं सांगू?" "तुम्हीच बघा" असं ती म्हणाली तर तोही तिचा निर्णय, आणि तो ती पुढे बदलू शकते. तिने थेट विचारलं तर खोटं बोलू नका. डॉक्टरांना विनंती करायचीच असेल तर हळू सांगा, एका बैठकीत सगळं नको, अशी करा.

१५. ऑपरेशनआधी कागदावर सही घेतात. न वाचता केली तर? आणि नंतर कागद मागितले तर मिळतात का?

न वाचता करू नका. कुठलं ऑपरेशन, का, न केल्यास काय, दुसरा मार्ग आहे का, हे समजेल अशा भाषेत विचारा. रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर संमती त्याचीच लागते. २००८ च्या एका निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की तपासणीसाठी दिलेली संमती ही गर्भाशय काढण्याची संमती होत नाही, आणि बाहेर बसलेल्या आईची परवानगीही पुरत नाही. अपवाद जीव वाचवायच्या तातडीचा. त्या वेळी सहीसाठी थांबत नाहीत, आणि तातडीचे प्राथमिक उपचार कुठलंही रुग्णालय नाकारू शकत नाही.

कागद मिळतात. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या माणसाने मागितल्यावर ७२ तासांत द्यावेत असा नियम आहे, लेखी अर्ज करून पोच घ्या. ते घेऊन दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घेणं हाही हक्कच आहे. पहिल्या डॉक्टरांना तसं मोकळेपणाने सांगितलेलं बरं.

१६. खर्चाचं विचारायला लाज वाटते.

विचारा, आणि आधी विचारा. "हे महिन्याला झेपणार नाही, यातलं स्वस्त आहे का?" या वाक्यावर बहुतेक डॉक्टर चिठ्ठी बदलतात. जनऔषधी केंद्रात तीच औषधं बरीच स्वस्त मिळतात, आणि औषध कुठून घ्यायचं हे तुम्ही ठरवता. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत. मोठ्या आजारासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत बसतं का ते भरती होण्याआधीच १५५३८८ वर विचारून घ्या.

१७. डॉक्टर नीट बोललेच नाहीत. तक्रार कुठे करायची?

आधी तिथल्याच वरिष्ठांकडे, शांतपणे आणि लेखी. पीएचसीची तक्रार जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जाते, ग्रामीण रुग्णालयाची आणि सिव्हिलची जिल्हा शल्यचिकित्सकांकडे. डॉक्टरांच्या वर्तनाबद्दल महाराष्ट्र वैद्यकीय परिषद आहे. खासगी नर्सिंग होमने रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावायचं असतं, ते नसेल तर तेही लिहा. हात उगारणं किंवा तोडफोड करणं हा २०१० च्या राज्य कायद्याने गुन्हा आहे, आणि त्या प्रकारानंतर गावाला पुढचा डॉक्टर मिळणं कठीण होतं.

१८. मी स्वतः पीएचसीत डॉक्टर आहे. बाहेर शंभर माणसं बसलेली असताना हे सगळं कसं जमवू?

सगळं जमणार नाही. दोन गोष्टी मात्र वेळ खात नाहीत. पहिली, रुग्णाला पहिलं वाक्य पूर्ण करू द्या. १९८४ च्या एका अमेरिकन अभ्यासात डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये बोलत होते, आणि त्यामुळे खरी तक्रार मागेच राहत होती. दुसरी, "कळलं ना?" ऐवजी "घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल?" असं विचारा, म्हणजे प्रश्न ३ मधलं काम तुमच्याच बाजूने होतं. प्रत्येकाला विचारणं शक्य नसेल तर नवं औषध सुरू झालेल्यांना आणि इन्सुलिनवाल्यांना तरी विचारा. बाकीचं समजावणं सिस्टर, फार्मासिस्ट आणि आशाताई यांच्यात वाटून द्या, पण तिघांनी एकच सांगावं म्हणून चार ओळी मराठीत लिहून खिडकीशी लावा. तुम्ही विदर्भातून किंवा राज्याबाहेरून आला असाल तर इथल्या सिस्टरकडून मालवणीतले दुखण्याचे शब्द पहिल्याच आठवड्यात लिहून घ्या.